पेपर-वाचन: ईसीयूमधली लबाडी सापडली, पण फाइल कुठून आली?

आजचा पेपर तसा जुना आहे, २०१७ सालचा. नाव: 'हाउ दे डिड इट: ॲन ॲनालिसिस ऑफ एमिशन डिफीट डिव्हायसेस इन मॉडर्न ऑटोमोबाइल्स'. मोरिट्झ कॉन्टाग, फेलिक्स डोम्के, किरिल लेव्हचेंको, थॉर्स्टन होल्झ, स्टीफन सॅव्हेज आणि सहकारी. जर्मनीतलं बोखुम विद्यापीठ आणि अमेरिकेतलं सॅन दिएगो इथलं कॅलिफोर्निया विद्यापीठ, अशी जोडी. संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात ज्या परिषदेत पेपर लागला की लोक पेढे वाटतात, त्या आयट्रिपलईच्या परिषदेत तो आला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रदूषण चाचणीत कशा फसवत होत्या, हे यात थेट गाडीच्या सॉफ्टवेअरमधून दाखवलं आहे.

मग आत्ता का? कारण जुन्नर-आंबेगाव भागात गॅरेज चालवणाऱ्या, गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हल्ली एकच वाक्य ऐकू येतं: "गाडी पान्यानं नाय, लॅपटॉपनं दुरुस्त होती आता." या लॅपटॉपमध्ये नेमकं काय चालतं, यावर इतकं नीट लिहिलेलं संशोधन फार थोडं आहे. हा पेपर त्यातला अव्वल. पण दुरुस्तीच्या बाजूने वाचला तर त्यात तीन मोठ्या फटी दिसतात. त्या दाखवणं हा आजचा उद्देश.

आधी शब्द नीट समजून घेऊ

ईसीयू म्हणजे गाडीतला छोटा संगणक. इंजिनाचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, ब्रेकचा वेगळा. आजच्या साध्या गाडीतही असे बरेच असतात आणि ते एकमेकांशी कॅन नावाच्या दोन तारांवरून बोलतात. गॅरेजमध्ये या सगळ्या कामाला सरसकट 'कोडिंग' म्हणतात, पण आत चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, प्रोग्रामिंग किंवा फ्लॅशिंग: ईसीयूमधलं सॉफ्टवेअरच बदलून नवीन लिहिणं. हे चालू असताना बॅटरी खाली बसली तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो, म्हणून शहाणा मेकॅनिक आधी चार्जर जोडतो. दुसरी, कोडिंग: सॉफ्टवेअर तेच, पण 'तू अमुक मॉडेलच्या, अमुक गिअरबॉक्सच्या गाडीत बसला आहेस' हे त्याला सांगणं. तिसरी, ॲडाप्टेशन: नवा इंजेक्टर टाकला की त्याच्यावर कोरलेला नंबर ईसीयूत भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर डिझेल फवारताना किंचित वेगळा वागतो. तो नंबर भरला नाही तर नवा इंजेक्टर टाकूनही गाडी खडखडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट डुप्लिकेट टाकला. चौथी, कॅलिब्रेशन, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'मॅप': किती आरपीएमला किती डिझेल, किती हवा, धुराचा किती भाग परत इंजिनात, याचे हजारो आकड्यांचे तक्ते. रिमॅप करणारे हेच तक्ते बदलतात.

आता एक ध्यानात ठेवा. यातलं बरंचसं करायला आधी ईसीयूचं कुलूप उघडावं लागतं. यंत्र एक आकडा फेकतं, तुमच्या स्कॅनरने त्याचं बरोबर उत्तर दिलं तरच पुढे जाता येतं. उत्तर काढायचं सूत्र कंपनीकडे असतं, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रात असतं आणि बाकी जगात ते कुठून कुठून मिळवावं लागतं. या कुलपाशी आपण परत येणार आहोत.

पेपर काय सांगतो

डिझेल इंजिनात तापमान वाढलं की नायट्रोजन ऑक्साइडं जास्त तयार होतात. ती कमी करायची तर थोडा धूर परत इंजिनात फिरवायचा; याला ईजीआर म्हणतात. पण ईजीआर वाढवला की काजळी वाढते, फिल्टर लवकर तुंबतो, झडप चिकटते. म्हणजे हवा स्वच्छ ठेवायची की सुटे भाग टिकवायचे, अशी ही ओढाताण.

प्रदूषण चाचणी मात्र ठरलेली असते. गाडी रोलरवर चढवायची आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवायची: इतक्या सेकंदांना इतका वेग. जुनी युरोपीय चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद कमी. पेपर दाखवतो की फोक्सवॅगनच्या गाड्यांतल्या बॉशच्या ईडीसी-१७ या ईसीयूमध्ये वेळ आणि कापलेलं अंतर यांची तुलना साठवलेल्या वक्रांशी केली जात होती. गाडी त्या वक्रांच्या आखीव पट्ट्यात राहिली तर 'ही चाचणी आहे' असं समजून ईजीआर वगैरे नीट चालवायचं. पट्ट्याबाहेर गेली की हा खरा रस्ता, सोडा ढील. या यंत्रणेचं कागदोपत्री नाव होतं 'अकूस्टिक', म्हणजे आवाजासंबंधीची! फियाटच्या ५००एक्सचा मार्ग आणखी साधा होता. इंजिन सुरू होऊन २६ मिनिटं ४० सेकंद झाली की तिची प्रदूषण आवरण्याची यंत्रणा सुस्तावत होती. तोवर चाचणी केव्हाच संपलेली असते.

लेखक एवढ्यावर थांबले नाहीत. फाइलमध्ये असे वक्र आहेत का, हे आपोआप शोधणारं साधन त्यांनी बनवलं. आठ वर्षांच्या काळातल्या सुमारे ९०० फाइली तपासल्या आणि ४००हून अधिक फाइलींत संशयित यंत्रणा सापडली.

हे काम किती अवघड आहे याची कल्पना द्यायची तर असं समजा: हजार पानांचं पुस्तक आहे, त्यात शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, शीर्षकं पुसलेली आहेत, आणि त्यातला एक लबाड परिच्छेद शोधायचा आहे. माझं स्वतःचं काम एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या पडताळणीचं, त्यामुळे सांगते, या पेपरचा तांत्रिक भाग निर्विवाद चांगला आहे. भाषाही संयत. 'संशयित' म्हणायचं तिथे त्यांनी 'सिद्ध' म्हटलेलं नाही. आता फटींकडे वळू.

पहिली फट: फाइल कुठून आली?

नारायणगावच्या एका मेस्त्रींना मी हा पेपर समजावून सांगत होते. वक्र, पट्टा, सगळं त्यांना पटकन कळलं. मग त्यांनी विचारलं, "ते खरं ताई, पण फाइल कुठनं आणली त्यांनी? आम्हाला तर कुणी देत नाय."

हाच या पेपरवरचा सगळ्यात चांगला आक्षेप आहे. पेपरात उत्तर आहे, पण ते पद्धतीच्या भागात, चालता चालता दिलेलं. फोक्सवॅगन गटाच्या फाइली कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्ती-माहितीच्या पोर्टलवरून मिळाल्या. आणि ईसीयूच्या आत कुठल्या पत्त्यावर कोणता तक्ता आहे, हे सांगणारी कागदपत्रं आली ट्यूनिंगवाल्यांच्या जगातून, तिथे ती आधीच फिरत होती. म्हणजे जगभर गाजलेल्या घोटाळ्याचं हे सर्वात बारकाईचं शवविच्छेदन दोन पायांवर उभं आहे. एक, दुरुस्तीसाठी खुली ठेवलेली माहिती. दोन, दुरुस्ती आणि रिमॅप करणाऱ्यांनी कुठूनतरी बाहेर काढलेली माहिती.

पहिला पाय आपोआप आलेला नाही. युरोपीय संघाच्या २००७ सालच्या ७१५ क्रमांकाच्या नियमाने कंपन्यांवर बंधन घातलं, की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही अधिकृत सेंटरइतकीच मिळाली पाहिजे. गंमत बघा. हा नियम गॅरेजवाल्यांच्या पोटापाण्यासाठी होता, आणि त्याचा फायदा झाला हवेला. पेपरचा खरा निष्कर्ष हाच असायला हवा होता: दुरुस्तीचा हक्क आणि तपासणीचा हक्क एकाच दारातून आत येतात. पण शेवटी लेखक नियामकांना उद्देशून बोलतात, 'तुम्ही असं साधन वापरा'. ज्यांच्यामुळे फाइल मिळाली, त्यांचा उल्लेख फक्त सामान पुरवणारे म्हणून राहतो.

आपल्याकडे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला आणि सुटे भाग व निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या असं बजावलं. मूळ तक्रार शमशेर कटारिया या एका ग्राहकाची. पुढे कंपन्या अपिलात गेल्या. मग २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्र आहे, शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचे फोन नंबर, वॉरंटीच्या अटी आणि पुस्तिका असणं वेगळं, आणि मंचरच्या गॅरेजला पैसे भरून का होईना ईसीयूची अधिकृत फाइल व कुलपाचं उत्तर मिळणं वेगळं. पहिल्याने माहिती मिळते, दुसऱ्याने गाडी दुरुस्त होते.

दुसरी फट: फाइलीत असणं आणि गाडीत चालू असणं

'४००हून अधिक फाइलींत लबाडी' हे वाचून बातम्या झाल्या. पण एका फाइलीत यंत्रणेचा सांगाडा असणं आणि ती एखाद्या गाडीत प्रत्यक्ष चालू असणं, यात अंतर आहे. ईसीयू बनवणारी कंपनी एक, गाडी बनवणारी दुसरी. सॉफ्टवेअरचा सांगाडा बऱ्याच मॉडेलांना सारखा असतो. त्यातलं काय चालू, काय बंद, हे कॅलिब्रेशनचे आकडे ठरवतात. तेच आकडे जे वर चौथ्या प्रकारात आपण पाहिले. लेखकांना हे पुरतं माहीत आहे, म्हणून तर त्यांनी 'संशयित' हा शब्द वापरला आणि काही बाबतीत गाडी प्रत्यक्ष चालवूनही पाहिली. तरी मोजणीचं एकक फाइल आहे, गाडी नाही. एक फाइल लाखभर गाड्यांत असू शकते, दुसरी हजार गाड्यांतही नसेल. त्यामुळे ९०० पैकी ४०० म्हणजे 'साधारण निम्म्या गाड्या' असं कुणी म्हणत असेल तर त्याने पेपर नीट वाचलेला नाही.

शिवाय साधन ओळखीचा चेहरा शोधतं. वेळ-अंतराचे वक्र असतील तर पकडेल. पण उद्या कुणी हवेचा दाब, बाहेरचं तापमान आणि चाकांच्या वेगातला फरक यांची वेगळी खिचडी केली तर? फियाटची यंत्रणा या साधनातून सापडलेली नाही, ती माणसांनी बसून वाचून काढली. मग नियामकांची हाताने विश्लेषण करण्यापासून सुटका होईल हा सूर जरा आशावादीच वाटतो.

तिसरी फट: सॉफ्टवेअर एका जागी थांबत नाही

माझ्या मते सगळ्यात मोठी फट ही. पेपर फाइलकडे अशा नजरेने पाहतो, जणू गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण गाडीचं सॉफ्टवेअर आयुष्यभर बदलत राहतं, आणि बदलतं कुठे, तर दुरुस्तीच्या जागी.

दोन खरी उदाहरणं देते. पहिलं अमेरिकेतलं. जानेवारी २०१७ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकी न्याय खात्याशी गुन्हा कबुलीचा करार केला. सोबतच्या निवेदनात एक तपशील आहे. काही गाड्या रस्त्यावरही 'चाचणी'च्या अवस्थेत अडकत होत्या आणि भाग खराब होत होते, असा अभियंत्यांना संशय आला. मग स्टिअरिंग किती वळतंय हे पाहणारी अट वाढवली, कारण रोलरवर स्टिअरिंग वळत नाही. आणि २०१४ पासून ही सुधारित लबाडी आधीच विकलेल्या गाड्यांतही घातली, गाडी सर्व्हिसिंगला आली की. मालकांना सांगितलं, अपडेट आहे, गाडी सुधारेल. म्हणजे लबाडी कारखान्यातून निघाली आणि सर्व्हिस सेंटरमध्ये वयात आली!

दुसरं आपल्या दारातलं. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला, म्हणजे खेड तालुक्यात, आंबेगावला लागूनच. २००९ साली सुरू झाला. अमेरिकेतलं प्रकरण फुटल्यावर सरकारने पुण्याच्या एआरएआयला चाचण्या करायला सांगितलं. प्रत्यक्ष रस्त्यावर उत्सर्जन बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं: १,९८,५०० फोक्सवॅगन, ८८,७०० स्कोडा, ३६,५०० ऑडी. इलाज काय, तर मुख्यतः सॉफ्टवेअर अपडेट. कंपनीचं म्हणणं असं की भारतात नियमभंग झालेलाच नाही, कारण तेव्हाच्या नियमांत रस्त्यावरची चाचणी नव्हतीच. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला अटकाव केला.

आता मला पडलेला प्रश्न. त्या सव्वातीन लाखांपैकी एखादी पोलो किंवा व्हेंटो आज तिसऱ्या मालकाकडे आहे, ओतूर नाहीतर घोडेगावात. तिच्यात आज कोणतं सॉफ्टवेअर आहे? मूळचं? परत बोलावल्यानंतरचं? की ईजीआर चिकटून चिकटून वैताग आल्यावर कुणीतरी 'ईजीआर ऑफ' करून घातलेलं तिसरंच? मालकाला माहीत नाही. विकत घेणाऱ्याला माहीत नाही. पीयूसी केंद्राला तर कळायचा मार्गच नाही, कारण तिथे डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइडं मोजतच नाहीत. ईजीआर बंद केलेली गाडी काजळी कमी सोडते, त्यामुळे या तपासणीत ती उलट झकास पास होऊ शकते.

इथे गॅरेजवाल्याला खलनायक करणं सोपं आहे. पण त्याच्या जागेवरून बघा. नवी झडप महाग. बसवली तरी ॲडाप्टेशनला अधिकृत यंत्र लागणार, म्हणजे गाडी टो करून चाकण नाहीतर पुण्याला. इकडे रिमॅपची फाइल मोबाइलवर दीड तासात येते. योग्य दुरुस्ती बंद कुलपात आणि चुकीची दुरुस्ती खुल्या बाजारात, अशी रचना आपणच केली तर दुसरं काय होणार? आणि हे फक्त नियमाचं प्रकरण नाही. नायट्रोजन ऑक्साइडं उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार व्हायला हातभार लावतात, आणि तो फुप्फुसांना घातक तसाच पिकांनाही. पुणे-नाशिक महामार्गाला लागून द्राक्षं नि टोमॅटो पिकवणाऱ्या तालुक्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग काय करता आलं असतं?

नुसती टीका करून मोकळं होणं बरं नाही, म्हणून एक ठोस गोष्ट. ओबीडीच्या प्रमाणकातच एक सोय आहे: ईसीयूला विचारलं तर तो आपल्या कॅलिब्रेशनचा क्रमांक सांगतो आणि सोबत त्या मजकुरावरून काढलेला पडताळणी आकडा, सीव्हीएन. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं समजा. मजकूर बदलला की आकडा बदलतो. साधा स्कॅनरही तो वाचू शकतो, कुलूप उघडावं लागत नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०२१ पासून आपल्या स्मॉग चेकमध्ये बेकायदा बदललेलं सॉफ्टवेअर पकडायला हेच वापरायला सुरुवात केली.

याची मर्यादाही सांगते. हुशार ट्यूनर खोटा आकडा सांगणारं सॉफ्टवेअर लिहू शकतो. आणि फोक्सवॅगनची मूळ लबाडी सीव्हीएनने कधीच पकडली नसती, कारण ती फाइल 'मंजूर' होती! म्हणूनच दोन्ही लागतात. मंजुरीच्या वेळी फाइलीच्या आत काय आहे हे या पेपरच्या पद्धतीने एकदा तपासायचं, आणि नंतर रस्त्यावरच्या गाडीत तीच फाइल आहे ना, हे दरवर्षी आकड्याने पाहायचं. पेपरने पहिलं टोक पकडलं, दुसरं तसंच सोडलं. १ एप्रिल २०२३ पासून भारतात नव्या गाड्यांना रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट लागू झाली, हे चांगलंच झालं. पण ती नव्या गाड्यांना. आपल्याकडे गाडी वीस वर्षं चालते, आणि त्यातली बरीच वर्षं ती गावातल्या गॅरेजच्या भरवशावर असते.

एकूण

पेपर वाचावा का? जरूर. पहिला अर्धा भाग तर अभियांत्रिकीच्या कुठल्याही मुला-मुलीला झेपेल असा आहे, आणि 'सॉफ्टवेअर म्हणजे तटस्थ गोष्ट' हा समज तो कायमचा मोडतो. पण वाचताना मेस्त्रींचा प्रश्न शेजारी ठेवा. ज्या संशोधनाला फाइल मिळते, ते होतं. ज्या देशात फाइल मिळत नाही, तिथे असं संशोधन होत नाही, आणि मग तिथे लबाडी नव्हतीच असं सगळ्यांना वाटत राहतं. आपल्याकडचे ते १.१ ते २.६ पटीचे आकडे आले गाडीच्या बाहेर बसवलेल्या उपकरणातून. आत काय लिहिलं होतं हे आपल्याकडे कुणी स्वतंत्रपणे वाचून मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते वाचण्याचा हक्क मिळाला तर त्याचे पहिले वाचक प्रयोगशाळेतले असतीलच असं नाही. चार्जर जोडून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला एखादा मेस्त्रीही असेल.

पुढच्या पोस्टमध्ये हाच धागा धरून ट्रॅक्टरकडे जाऊ. तिथलं कुलूप आणखी मजबूत आहे.